अंतराळातली जीप

मंगळवार, संध्याकाळ. इंदिरानगर.

आज जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर आमची ती लहानपणापासूनची अंतराळाची मालिका बघत होतो. एवढी वर्षं झाली, अजून चालूच आहे. फरशी बसवायला माझ्याबरोबर असतो तो संजू वाकून म्हणाला, "हे तर बारक्या पोरांचं हाय. दुधाची बाटली आणू का?" सगळे हसले. मी पण हसलो आणि मोबाईल खिशात टाकला. का टाकला?

सुटल्यावर सुरगाण्याला घरी फोन केला. बाबा म्हणाले, "नवा भाग आलाय. बघितला का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते पोरांचं असतं, बाबा. तुम्ही कशाला बघता?"

बोलल्यावर कळलं, काय बोलून बसलो.

मी लहान होतो तेव्हा त्यातलं हिंदी आईला समजायचं नाही. बाबा सांगायचे. यानाला ते जीपच म्हणायचे. आमच्याकडं कुठं जायचं तर तीच, सगळी शीटं म्हणजे माणसं भरली की सुटणारी. "आता जीप चंद्रावरनं निघाली," असं ते म्हणाले की आई विचारायची, "सगळी बसली का?" मग ते नुसतं पोरांचं कसं? आम्ही तिघंही त्या जीपमध्ये असायचो.

मी हळूच विचारलं, "बाबा, नव्या भागात जीप निघाली का?"

"नाय अजून. लावलाच नाय आम्ही. तुझी आई म्हणते, एक शीट कमी हाय. भरल्याबिगर जीप निघती का कधी?"

संजूला उद्या सांगून टाकतो, शनिवारी मी कामाला नाही. घरी एक शीट कमी आहे.