कमानीचा ठराव

२० डिसेंबर
निवडून आले! सरपंच! अजून खरं वाटत नाही. दोनदा न्हाले तरी केसांतला गुलाल जात नाही.

एक गोष्ट मात्र टोचते आहे. मिरवणूक नाजनीनच्या दारात आली आणि पोरांनी ट्रॅक्टर तिथंच थांबवला. हलगी, फटाके, सगळं मुद्दाम! ती माझ्याविरुद्ध उभी राहिली, एवढाच तिचा गुन्हा. बचत गटात आम्ही दोघी वर्षानुवर्षं एका सतरंजीवर बसलेल्या. मी वरून "पुढं चला" म्हणून ओरडत होते, पण विजयात कोण कुणाचं ऐकतो! तिच्या ओट्यावर गुलालाचा खच पडला. तिनं दार लावून घेतलं.

२३ डिसेंबर
नळावर भेटली. "सरपंचबाई" म्हणाली. एरवी वैजू म्हणते.

१५ जानेवारी
सोलापुरात गड्ड्याची जत्रा. दरवर्षी आम्ही दोघी जातो. यंदा गेलेच नाही.

२६ जानेवारी
माझी पहिली ग्रामसभा. शंभर माणसं लागतात, साठ आली. तीही सगळी आपलीच. नाजनीनच्या बाजूचं चिटपाखरू फिरकलं नाही.

ठराव माझाच होता — वेशीवर मामंजींच्या नावाची कमान. पंचवीस वर्षं सरपंच होते ते, दर वेळी बिनविरोध. ह्यांना वडिलांसाठी एवढं करायचंच आहे. मलाही! लग्नानंतर मला कॉलेजला त्यांनीच पाठवलं.

माणसंच नाहीत म्हणून सभा तहकूब झाली. तरी ह्यांचा चेहरा खुललेला! ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सांगितलं म्हणे, तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा शंभराची अट नसते. दहा जण बसले तरी ठराव मंजूर. कायद्यानंच!

"बरंच झालं की," हे म्हणाले.

क्षणभर मलाही बरं वाटलं. मग मनात आलं — दहा जणांतच गाव चालवायचं होतं, तर मतं मागत दारोदार फिरले कशाला?

३० जानेवारी
नाजनीनकडं गेले. हे भडकलेच — शत्रूला आवतण द्यायला निघालीस? शत्रू! निवडणूक होती, पानिपत नव्हतं.

तिनं ओट्यावरच उभं केलं. चहाचं नावही नाही. मी म्हटलं, सभेला ये, तुझी माणसं घेऊन ये. कमान पटत नसेल तर सगळ्यांपुढं सांग.

"आन् ठराव पाडला तर?"

"पाड की," म्हणून बसले! घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडत होते. कुणी सांगितला होता हा शहाणपणा?

५ फेब्रुवारी
हे बोलत नाहीत. मुकाट्यानं जेवतात आणि शेतात जातात. आत्याबाई नुसत्या बघत राहतात. त्याही रागावल्या असणार. शेवटी त्यांच्या नवऱ्याची कमान! घरात मी एकटी पडले.

९ फेब्रुवारी, दुपार
थोडक्यात लिहिते, सभा अजून संपायची आहे. चहासाठी थांबलोय. शाळेच्या पटांगणात बसायला जागा नाही!

नाजनीन उठलीच. "कमानीखालनं गटाराचंच पानी व्हानार हाय की. आदी गटार करा." ह्यांनी उत्तर दिलं, तिनं प्रत्युत्तर. मग सगळं गावच भांडलं. माझ्यावर तर ती अशी तुटून पडली की, भांडता भांडता "वैजू" म्हणून गेली! एकही माणूस उठून गेला नाही. आता हात वर करून मतं.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
ठराव पडला. दणकून! आधी गटार होणार. वाईट वाटतंय, मामंजींसाठी खरंच वाटतंय. तरी मघापासून हसू आवरत नाही.

विरोधात पहिला हात वर गेला तो आत्याबाईंचा. घरी आल्यावर मी विचारलं, असं का केलंत?

म्हणाल्या, "पंचवीस वर्सं समदं त्येंच्याच मनासारकं झालं की. मला आज पयल्यांदा कुनी इचारलं."