अकरा नखांचा पंजा

आर्देझ,
१९ ऑक्टोबर १९५८

चि. सेराइना,

बाबाचे आशीर्वाद. तू बरी असशील, बाळाचा खोकलाही गेला असेल. नसेल गेला तर छातीला गरम लोकर बांध, डॉक्टरची वाट बघत बसू नकोस. तुझं कार्ड मिळालं. मुलगा झाला, खोकतो, एवढंच लिहिलंस. नाव काय ठेवणार, बाप्तिस्मा कधी, काहीच नाही. घाईत असशील.

इथे सगळं ठीक. गुडघे दुखतात. यंदा खिंडीत बर्फ लवकर पडणार म्हणतात, मला त्याचीच धास्ती. खिंड बंद झाली की तुमच्या बाजूचं टपाल कुठून कुठून फिरत येतं. म्हणून हे आजच लिहितोय.

चुलीचं सांगायचं होतं. आपल्या बैठकीतली मोठी फरशांची चूल धूर सोडायला लागली. शेजारची मेंगिया आली आणि ओरडलीच, "नुओत, बायको गेल्यापासून हिला पाणी लागलं नाही वाटतं!" बादलीभर राखेचं पाणी घेऊन घासत बसली. मधल्या फरशीवर आपल्या घराण्याची खूण, ती ढाल आहे ना, तीन हिरवे डोंगर, वर चांदणी आणि अस्वलाचा काळा पंजा? तुला मांडीवर घेऊन मी सांगायचो, हे डोंगर म्हणजे आपली जमीन, आणि पंजा त्या अस्वलाचा, ज्याला आपल्या मूळ पुरुषाने नुसत्या हातांनी मारलं. माझ्या आजोबांनी मला हेच सांगितलं होतं. घराच्या दारावरचा पंजाही त्यांनीच रंगवून घेतला.

मेंगिया घासता घासता थांबली. "अरे, तुझ्या अस्वलाला नखं किती?"

"पाच. किती असणार?"

"इथं अकरा आहेत. आणि ही दांडी कसली? शेपूट म्हणावं, तर ते पंजाला कसं?"

मी चष्मा लावला. काजळी गेली होती. तो पंजा नव्हताच, पोरी. लोकर विंचरायची फणी होती, लाकडी दांडीची. खिंडीपलीकडून दर शरदात येतात ना ते लोक, दारोदार लोकर विंचरून द्यायला, त्यांच्या पाठीवर असते तशी. तुझ्या सासऱ्यांच्या भिंतीवर टांगलेली असते म्हणतात, तीच.

मेंगिया हसून हसून खाली बसली. "म्हणजे तुम्हीही पलीकडचेच! उगाच आम्ही इतकी वर्षं अस्वलाला भ्यायलो."

ते डोंगर आपली जमीन नसणार. आपला माणूस ते ओलांडून आला असणार. चांदणी बघून पहाटे निघाला असेल. ढाल तीच, पण रात्रभर मला ती कुणा दुसऱ्याचीच वाटत राहिली.

त्या काचेबद्दल लिहायचं नव्हतं, पण आता लिहितो. मुलीच्या लग्नात दोन्ही घरांच्या ढाली रंगवलेली काच द्यायची आपली रीत. काच रंगवणाऱ्याने विचारलं होतं, मुलाकडची खूण काय? मी म्हणालो, "दुसऱ्यांच्या मेंढ्या राखणाऱ्याला कसली खूण? ठेवा कोरी." आणि ती अर्धी कोरी काच मी सगळ्यांसमोर तुमच्या हातात दिली. ओरेस्तेने ती उन्हात धरली आणि म्हणाला, "बरं झालं सासरेबुवा, माझ्या बाजूने निदान उजेड तरी येईल." सगळे हसले. तू हसली नाहीस. नंतर माझ्याबरोबर नाचायलाही उठली नाहीस. तुझी आई वाटेत मला म्हणाली, "आज तुम्ही मुलगी दोनदा दिलीत." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

काच अजून असेल तर लोकरीत नीट गुंडाळून पाठव, खिंड बंद व्हायच्या आत. कोऱ्या ढालीत काय काढायचं ते ओरेस्तेला विचार. काठी, मेंढी, त्याचा तो लंगडा कुत्रा, म्हणेल ते. राहू दे कोरी म्हणाला, तर राहू दे. आपल्या बाजूचा पंजा मात्र मी खरवडून तिथे फणी काढून घेणार आहे. काच फोडली असलीस तर तेही लिही. मी रागावणार नाही.

आणि बाळाचं नाव कळव. इथे घरात एकदा मोठ्याने म्हणून बघेन.

फणीवाल्यांच्या घरातला,
तुझा बाबा
नुओत