फाटकापासून बासष्ट पावलं

प्रिय बाबा,

मोजमापाच्या टेपचा डबा तीन आठवडे सापडत नव्हता आणि तुम्ही आईच्या साफसफाईवर आळ घेतलात, तेव्हा मी शेजारच्या खोलीत तोंडाला कुलूप लावून बसले होते. डबा मी नेला होता. आज तो होता तिथेच, तुमच्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवते आहे, आणि आत गुंडाळीवर हे पत्र. दुपारच्या चहाला आई अगदी सहज म्हणेल की डबा सापडला. तिला सगळं माहीत आहे, पण तिच्यावर चिडू नका. एका घरात राहून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणणारच. पण बाबा, मी काही बोलायला बसले की तुम्ही बातम्यांचा आवाज वाढवता. म्हणून हा खटाटोप. चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

मी हल्ली काय करते, याबद्दल तुमचं मत मला आईकडून कळलं आहे: “चार टवाळ पोरांबरोबर रस्त्यावर उंडारते.” टवाळ चार नाहीत, माझ्यासकट पाच आहेत. नगरपालिकेने आम्हाला एक रस्ता सहा आठवड्यांसाठी दिला आहे. लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत कुणालाही नीट चालता येईल असा तो करून दाखवा, पटलं तर कायम ठेवू, नाहीतर सगळं उचलून नेऊ, असा करार. रस्ता कुठला, ते मी घरात कधी बोलले नाही. आपल्या गल्लीच्या तोंडापासून चौकापर्यंतचा, तोच तो.

आमच्या म्होरक्या मुलीला आम्ही कॅप्टन म्हणतो. ती चाकांच्या खुर्चीवर असते आणि पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, की मला ढकलायचं नाही, माझ्या मागून चालायचं. फूटपाथच्या प्रत्येक उताराला बारा फुटांमागे एकच फूट चढ हवा, यावर ती मुकादमाशी असं भांडली की तुम्ही अजून नगरपालिकेत असतात तर तिला नोकरीवर ठेवून घेतलं असतंत. दुसरा आमचा झाडवाला; रोपवाटिकेत वाढलेला, कुठल्या झाडाची सावली चार वाजता कुठे पडेल ते बोटाने दाखवतो. बाकं आम्ही केली आहेत ती एका पाडलेल्या शाळेच्या जुन्या दारांची. नवं लाकूड एक फळीसुद्धा आणलं नाही. एका बाकाला अजून कडी आहे, आणि येणारं जाणारं प्रत्येक पोर ती वाजवून जातं.

सुरुवातीला आम्ही फॉर्म घेऊन दारोदार फिरलो. कुठे अडखळता, कुठे दम लागतो, कुठे जायचं टाळता, असे प्रश्न. चारशे बारा फॉर्म भरले आम्ही. औषधांच्या दुकानाशेजारी शिवणकाम करणाऱ्या काकू आहेत ना, त्यांच्याकडे मी गेले. त्या मशीन न थांबवता बोलतात. म्हणाल्या, “मला काही नाही गं, माझे पाय ठणठणीत आहेत. पण मागच्या वर्षी एक गृहस्थ इथे औषधांच्या दुकानाच्या पायरीवर टेकले होते. चेहरा पांढराफटक. तर आतून पोरगा ओरडला, आजोबा, उठा, गिऱ्हाईक यायचंय. उठले बिचारे. खांबाला धरून उभे राहिले थोडा वेळ आणि आल्या पावली परत गेले. पुन्हा काही दिसले नाहीत.” मी लिहून घेत होते. मग त्या म्हणाल्या की हातात छत्री होती, मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. बाबा, ती पट्टी मी गुंडाळली आहे.

तुमच्या ऑपरेशनला तेव्हा दोन महिने झाले होते. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही म्हणालात की बाहेर फार धूळ आहे आणि आता आपलं बाहेर काय अडलंय. चौदा महिने झाले त्याला. डॉक्टर चाला म्हणतात, तुम्ही व्हरांड्यात चालता. आम्हाला वाटलं, तब्येतीची भीती आहे. आईला वाटलं, आळस आहे. मी तर एकदा तुम्हाला हट्टी म्हातारा म्हणाले, तोंडावर. गावभर लोकांचे फॉर्म भरत हिंडले आणि घरातल्या माणसाला विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आणि याहून वाईट पुढे आहे. कॅप्टन बाहेर उतारावर थांबली होती, काकूंचं बोलणं तिलाही ऐकू आलं होतं. माझा चेहरा बघून तिने विचारलं, ओळखीचे आहेत का ते? मी नाही म्हणाले. का म्हणाले, ते आजही मला नीट सांगता येत नाही. मला तुमची लाज वाटली नाही, एवढं खरं माना. पायरीवरून उठवलेले तुम्ही मला डोळ्यांसमोर नको होतात, म्हणून मी ती गोष्ट दुसऱ्याच कुणाची करून टाकली. फॉर्मवर लिहिलं: पुरुष, वय साठीच्या पुढे, ओळख नाही.

मग बाकं बसवली. आम्ही शिकलेली माणसं. चौकापासून टेप धरला आणि दर चाळीस मीटरला एक बाक, ओळीत, कागदावर बघत राहावं असं. पंधरा दिवस त्यांच्यावर कोणी बसलं नाही. एक कुत्रं तेवढं नियमाने यायचं. काही बाकं दुकानांच्या तोंडावर आली होती, काही भर उन्हात, आणि एकावर बसलं की बसची वाट बघणाऱ्याची पाठ बसकडे व्हायची. दुकानदार हसायला लागले. घोडं कुठे पेंड खातंय हे कोणालाच कळेना. तेव्हा कॅप्टन म्हणाली, हा रस्ता रुंद होण्याआधी इथे बाकं होती म्हणतात, ती कुठे होती ते तरी बघून ये. म्हणून मी नगरपालिकेच्या नोंदींच्या खोलीत गेले.

तिथल्या कारकुनांनी तुम्हाला ओळखलं. म्हणजे तुमच्या सहीला. नकाशा उलगडून ते म्हणाले, “साहेबांचं अक्षर बघा, छापल्यासारखं.” अठरा वर्षांपूर्वीचा नकाशा. रस्ता दोन्ही बाजूंनी वाढवलेला, अकरा बाकांवर लाल फुल्या, चौदा झाडांवर लाल फुल्या, आणि खाली तुमची सही. आमच्यातलं कोणी ना कोणी रोज म्हणायचं की ज्याने हा रस्ता आखला तो आयुष्यात कधी पायी चालला नसेल. मीही हसले होते त्यावर. आता त्या टेबलाशी उभी राहून मला वाटलं, की कागद गुंडाळावा आणि सांगावं, सापडला नाही.

पण ते कारकून फाइल पुढे सारून गेले, म्हणून मी ती चाळली. तुमच्याच अक्षरातलं एक पत्र होतं: रस्ता रुंद झाला, आता बाके पुन्हा बसवण्याचे काम पुढील टप्प्यात घ्यावे. मग पहिलं स्मरणपत्र. मग दुसरं, मग तिसरं, आणि तिसऱ्यावर कुणा वरिष्ठाचा हिरवा शेरा: फाइल करावे. पुढचा टप्पा आलाच नाही. बाबा, तुम्ही घरात यातलं एक अक्षर बोलला नाहीत. सही तुमची आहे, ती मी लपवणार नाही, आणि ती चौदा झाडं गेली याचं मला वाईट वाटतंच. पण तीन स्मरणपत्रंही तुमचीच आहेत.

मग मी नकाशा पुन्हा उलगडला, खिडकीपाशी नेला. तेव्हा फुल्यांच्या खाली पेन्सिलीच्या फिकट खुणा दिसल्या. सात छोटे चौकोन, पुन्हा बसवायच्या बाकांच्या जागा. अंतरं सारखी नाहीत: एक गल्लीच्या तोंडाशी, एक चढ संपतो तिथे, एक जिथून बस येताना दिसते तिथे. नकाशातली शाईची सगळी मापं चौकापासून आणि ही पेन्सिलीची मापं मात्र उलट्या टोकाकडून. कडेला बारीक अक्षरात लिहिलंय: शून्य, घराचे फाटक.

मला तो दिवस आठवला. मी सात वर्षांची असेन. सुट्टीचा दिवस होता, कारण आई आपल्या फाटकात उभी राहून ओरडत होती की सुट्टीच्या दिवशी तरी रस्ता सोडा, आणि पोरीला उन्हात कशाला उभी करता. माझ्या हातात टेपचं टोक होतं. तुम्ही पुढे पुढे जात होतात आणि वळून सांगत होतात, शून्य घट्ट धर, शून्य हललं की पुढचं सगळं चुकतं. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही मला शून्य म्हणूनच हाक मारायचात, आणि आई चिडायची की पोरीला शून्य काय म्हणता. ती पेन्सिलीची मापं त्या दिवसाची आहेत, बाबा. ते शून्य मी धरलं होतं. आणि एवढं शिकून मी चौकात जाऊन टेप धरला, जिथून कोणीच चालायला सुरुवात करत नाही.

त्या संध्याकाळी मी डबा उचलला. पुढचे दोन आठवडे मी तुमच्यावर पाळत ठेवली, तेही सांगून टाकते. तुम्ही व्हरांड्यात सत्तरेक पावलं चालता आणि खुर्चीचा हात धरता. आंघोळीनंतर फरशीवर तुमची ओली पावलं उमटतात, ती मी वाळायच्या आत मोजली. एक पाऊल पंचेचाळीस सेंटिमीटरचं भरतं. आई पोळपाट हातात घेऊन बघत उभी होती. आमचं सगळ्यात जवळचं बाक फाटकापासून चाळीस मीटरवर होतं, म्हणजे तुमची एकोणनव्वद पावलं. तुमच्या पेन्सिलीच्या चौकोनापर्यंत अठ्ठावीस मीटर. बासष्ट पावलं.

मी नकाशा पोरांसमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. सही कुणाची, छत्री कुणाची, आणि मी ओळख नाही म्हणाले तेही. कॅप्टन चौकोनांवरून बोट फिरवत म्हणाली, “हे चौकोन बरोबर आहेत. तुझे बाबा चालणारे आहेत. मग त्यांना आणत का नाहीस?” तो फॉर्म मी फाडला नाही. ओळख नाही हे खोडून समोर लिहिलं: माझे वडील.

गेल्या आठवड्यात आम्ही बाकं तुमच्या जागांवर हलवली. सहा बसली. पहिल्याच दुपारी शिवणकामवाल्या काकू पिशवी घेऊन चढावरच्या बाकावर टेकल्या, पाय ठणठणीत असूनही. शाळा सुटल्यावर कडीच्या बाकाला रांग लागते. कुत्र्याला आता जागा मिळत नाही. फक्त तिसरं बाक अडलंय. तुमच्या चौकोनावर आता विजेची मोठी पेटी उभी आहे. अलीकडे घ्यावं तर नळाचं झाकण, पलीकडे घ्यावं तर ऊन. कॅप्टन आणि झाडवाला त्यावरून दोन दिवस भांडताहेत आणि दोघांचंही चूक आहे असं मला वाटतं, पण बरोबर काय ते मला सांगता येत नाही. सोमवारी नगरपालिकेचे साहेब बघायला येणार आहेत.

म्हणून हे पत्र. रविवारी संध्याकाळी पाच वाजता तुम्ही घराबाहेर यावं, एवढंच मागायचं आहे. साहेबांपुढे तुम्हाला उभं करायचं नाही, माफी मागायची नाही, कुणाचे आभार ऐकायचे नाहीत. पहिल्या बाकापर्यंत बासष्ट, तिथून दुसऱ्यापर्यंत अठ्ठावन्न, तिसऱ्याच्या जागेपर्यंत पासष्ट. मी तीनदा मोजलं आहे, तुमच्या पावलांनी, माझ्या नाही. प्रत्येक ठिकाणी हवं तितकं बसा. पहिल्यावर बसून परत फिरलात तरी मी काही म्हणणार नाही, आणि तिथून तुम्हाला कोणी उठवणार नाही. आईने तुमचे बूट पुसून दाराशी ठेवले आहेत, आणि छत्रीच्या मुठीला मी नवी पट्टी गुंडाळली आहे. टेप बरोबर घ्या. पुढचं टोक तुम्ही न्या, वळून बघायची गरज नाही. मी फाटकाशी शून्य धरून उभी असेन.

तुमचीच,
शून्य