एका ओळीत एक ओवी

बाभुळगाव, १४ नोव्हेंबर २००६, मंगळवार

आज जेवणाकडेही लक्ष नव्हतं, इतका आनंद. ढाणकीच्या शिवारात कापूस वेचताना माझी बायको सरू आणि तिच्या मैतरणी ज्या ओव्या म्हणत, त्या मी आठवून आठवून टेक्स्ट फाइलमध्ये टाइप केल्या होत्या. यंदा वेचणीच्या बायांत गेलतो, कोणी गातच नाही. म्हणून ही घाई.

सकाळी सूनबाईनं, वर्षानं, फाइल डेटाबेसच्या तक्त्यात चढवली, तर प्रत्येक ओवीचे तुकडे. बाईचं नाव एकीकडे, चरण भलतीकडे.

"बाबा, चरण संपला की एंटर काहून दाबला?"

"कविता तशीच लिहितात, बाई. शाळेत तसंच शिकलो."

"कॉम्प्युटर तुमच्या शाळेत नव्हता ना. त्याले एंटर म्हणजे नवीन ओवी."

मग एंटर पुसत बसलो. गाव, टॅब, बाईचं नाव, टॅब, अख्खी ओवी एकाच ओळीत. एंटरच्या जागी तिरपी रेघ. चरण असे चिकटवताना कसंसंच झालं... पण मनात म्हणून पाहिली, चाल कुठेच मोडली नाही.

संध्याकाळी वर्षानं सरूचं नाव शोधलं. तिला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तिच्या सगळ्या ओव्या समोर, एकीखाली एक, अख्ख्या. मी मोठ्यानं म्हणतच सुटलो.

"बाबा, हळू. शेजारचे ऐकून राह्यले."

ऐकू देत.