सोमवारी शाळा आहे

दादा, तुम्ही गेल्यावर पाच वर्षांनी तुमची नात जन्मली. ती स्वमग्न आहे. आता वीस वर्षांची झाली, पण बोलते मोजून दहा-बारा शब्द. त्यातला एक ‘सोमवार’. तो मी शिकवला, आणि त्याचंच तुम्हाला सांगायचं आहे.

आठवतं का, लहानपणी धाकटी बहीण रडत होती म्हणून मी तिला थाप मारली होती, उद्या दादा तुला शहागंजच्या बाजारात नेणार. तुम्ही ड्युटीवर निघाला होतात, शर्टाची बटणं लावता लावता थांबलात. “जे व्हनार नाय ते लेकराला सांगायचं नाय. रडू दे तिला.” दुसऱ्या दिवशी ड्युटी बुडवून तुम्ही तिला सायकलवर नेलंत आणि मला मुद्दाम घरी ठेवलंत. तो राग मला बरीच वर्षं पुरला.

कोरोनाचा लॉकडाऊन लागला तेव्हा नात पंधरा वर्षांची होती. आठ वाजता शाळेची गाडी पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायची, ती यायची बंद झाली. पहिल्याच सकाळी दप्तर घेऊन ती दारात दोन तास उभी राहिली आणि मग भिंतीवर डोकं आपटायला लागली. वरच्या मजल्यावरची बाई ओरडली, “काय चाललंय व्हय सकाळी सकाळी?” शाळा कधी उघडेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी तिचे हात घट्ट धरले आणि म्हणाले, सोमवारी. ती थांबली. इतकं सोपं होतं ते. फ्रीजवर तिचं चित्रांचं वेळापत्रक असतं, त्यात शाळेचं चित्र मी माझ्या हातानं सोमवारखाली चिकटवलं. मग दर सोमवारी गणवेश, दप्तर, दार, भिंत. आणि मी दर वेळी पुढचा सोमवार देत राहिले.

पाचव्या सोमवारी दुधाची पिशवी आत घेतली आणि कडी लावायला विसरले. ती निघाली. गारखेड्याच्या रस्त्यावर मला दिसते तेव्हा चौकातला पोलीस तिच्यासमोर उभा आहे. “ए पोरी, मास्क कुठंय? कुठं चालली?” ती कानांवर हात दाबून सोमवार, सोमवार म्हणतेय. त्याला वाटतं, थट्टा करतेय. तो काठी उचलतो. मी लांबूनच ओरडते, “साहेब, तिला नाय समजत!” धावत पोचते आणि त्याच्याआधी मीच तिच्या थोबाडीत मारते. जोरात. उगारलेली काठी तो खाली घेतो. तोच चपापून म्हणतो, “अहो बाई, मारता कशाला? लेकरू हाय. घेऊन जा.”

घरी तिच्या बाबांनी गालावर उमटलेली बोटं पाहिली. मी म्हणाले, पोलिसानं मारलं. अजूनही त्या चौकातून जाताना ते त्याला शिव्या घालतात. ती मागच्या सीटवर बसून ऐकत असते. हा कागद त्यांच्या हाती पडू नये म्हणून ते यायच्या आत गॅसवर जाळणार आहे.

परवा ती पहिल्यांदा दोन शब्द जोडून बोलली. तिच्या बाबांनी पेढे आणले, अख्ख्या गल्लीत वाटले. मीही एक खाल्ला, दादा, आणि मला भीती वाटली, उद्या ती काय बोलेल याची.