हॉटेलचं नाव नंतर कळेल

प्रिय भिंगरी,

तुझं हे लाडकं नाव आता मीच घ्यावं म्हणते, कारण गेला महिनाभर पायाला भिंगरी माझ्या लागली आहे. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून गॅलरीत, हातात सतत फोन. परवा दूध उतू गेलं, काल भाताची पार खळ झाली. तुझ्या बाबांनी मुकाट्याने खळ खाल्ली आणि वर पाणी प्यायलं. कुणाला पत्त्यांची चटक लागते, कुणाला तपकिरीची. मला या वयात हॉटेलांवर बोली लावायची लागली आहे. हसू नकोस, आधी पुढचं वाच.

जावयांचं घर सोडून तू त्या शहरात गेलीस तेव्हा फोनवर म्हणालीस, इतक्यात कुणी येऊ नका, मला राहायलाच धड जागा नाही. बाबांनी ती काळ्या दगडावरची रेघ मानली. नको म्हणाली ना, मग नको, एवढं बोलून ते रेडिओ पुसायला बसले. मला मात्र चैन पडेना. मी ते वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं. तू जागा नाही म्हणालीस, आईचं तोंड बघायचं नाही असं काही म्हणाली नाहीस. मग जागेचाच प्रश्न असेल तर जागा मी शोधते, असं मी मनाशी ठरवलं. तुला नुसतं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, बाकी काही नाही.

खालच्या मजल्यावरची विमेवाली सारखी फिरतीवर असते, तिने मला ही साइट दाखवली. तिथे हॉटेलचं नावच सांगत नाहीत. शहराचा नकाशा भागाभागांत वाटलेला असतो. आपण भाग निवडायचा, किती तारे हवेत ते सांगायचं आणि आपला भाव टाकायचा. रिकाम्या खोल्या तशाच पडून राहण्यापेक्षा हॉटेलवाले त्या कमी भावात देऊन टाकतात, पण नाव लपवून, म्हणजे पूर्ण भाव देणाऱ्यांसमोर लाज जात नाही. बोली लागली की पैसे तिथल्या तिथे कापतात आणि मग कळतं आपण कुठे राहणार ते. परत फिरणं नाही, तारीख बदलणं नाही. मुलगी न बघता लग्न ठरवण्यातलाच प्रकार, असं मी विमेवालीला म्हणाले, आणि मग तुझी आठवण येऊन जीभ चावली.

बोली फेटाळली गेली की त्याच भागासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. आता मला कुठला धीर! पण विमेवालीने एक क्लृप्ती सांगितली. आपल्याला हव्या त्या दर्जाचं एकही हॉटेल नाही असा भाग शोधायचा आणि तो आपल्या मागणीत जोडायचा. साइटला वाटतं मागणी बदलली, आणि लगेच नवी बोली लावू देते. असे रिकामे भाग शोधता शोधता तुझं शहर मला पाठ झालं. तू दातांच्या कवळ्या बनवतेस त्या लॅबमागे गोदामं आहेत, नदीपलीकडे नुसत्या कचेऱ्या, रेल्वेच्या बाजूला एकच बरं हॉटेल आणि त्याला पोहायचा तलाव. तू रोज कुठल्या फुटपाथवरून जात असशील, तेसुद्धा मी बोटाने नकाशावर चालून पाहायची. बोट लॅबच्या दारापर्यंत जायचं आणि पुढे काय करायचं ते कळायचं नाही. मग परत बोली, परत नकार, परत फेऱ्या.

बाबांनी सुरुवातीला माझी यथेच्छ टिंगल केली. आयुष्यभर लिलावघरात हातोडा आपटलेला माणूस तो. ही कसली बोली, म्हणाले, ना समोरच्याचे डोळे दिसत, ना हात वर जात, ना कुणी एक वार, दोन वार म्हणत. हा तर आंधळ्या कोशिंबिरीचा लिलाव. मी म्हटलं, तुम्हाला यायचं नाही तर निदान टोमणे तरी मारू नका. खरं सांगू? मला त्यांचा फार राग आला होता. लेक एकटी तिकडे, आणि हा माणूस रेडिओ पुसतोय. आम्ही भाजीबद्दल बोलायचो, पाण्याच्या मोटरबद्दल बोलायचो, तुझं नाव आलं की दोघांपैकी एक जण उठून जायचा.

मग ते थोडे विचित्र वागायला लागले. फोन दुरुस्तीच्या दुकानात जाऊन तास तास बसायचे. फोनला काय झालं विचारलं तर म्हणायचे, आवाज येत नाही. एकदा जेवता जेवता अचानक विचारलं, ती कामावर चालत जाते की बसने? मी फटकारलं, तुम्हाला काय करायचंय? त्यांनी घास तोंडात घातला आणि तू बनवलेल्या कवळीने शांतपणे चावत बसले.

काल दुपारी माझी बोली लागली. फोन टिंग वाजला, पैसे कापले गेले आणि नाव उमटलं, तेच तलाववालं हॉटेल, तुझ्या लॅबपासून चालत जाण्याएवढं जवळ. मी गॅस बंद करून गॅलरीकडे धावले, म्हटलं आता भांडण झालं तरी बेहत्तर. तर बाबा तिथे उभे, फोन हातभर लांब धरलेला आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा. त्यांचाही टिंग वाजला होता; त्या दुकानात तास तास बसून ते हेच शिकत होते. तेच हॉटेल, तोच शुक्रवार, तोच रविवार. एका घरात दोन माणसं, दोघांच्या मध्ये एक भिंत, आणि एकमेकांना न सांगता एकाच हॉटेलवर बोली लावून बसलेली. असली जोडी शोधून सापडायची नाही. मी हसत सुटले आणि हसता हसता रडले, कारण मला वाटलं, यांनाही जायचंच होतं तर!

मग व्यवहार सुचला. एक खोली रद्द करायला फोन केला, पण तिकडची मुलगी गोड आवाजात नाहीच म्हणाली. मी बाबांना म्हटलं, बघा, एक खोली फुकट गेली, एकदा विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं! त्यावर ते म्हणाले, फुकट कशी जाईल, मी ती आपल्यासाठी घेतलीच नव्हती. तिने येऊ नका सांगितलंय, मी जाणार नव्हतो. पण तूच म्हणालीस ना, तिच्या खोलीतली दुसरी मुलगी पहाटे कामावरून येते, दिवा लावते, आणि पोरीला तुकड्या तुकड्यात झोपावं लागतं. मी हे कधीतरी कपड्यांच्या घड्या घालताना बोलले होते. मला वाटलं होतं, यांचं लक्षच नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर तू बरं चाललंय म्हणतेस, मी बरं म्हणते, आणि दोघी खोटं बोलून फोन ठेवतो. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी काम सुटलं की त्या हॉटेलात जा, काउंटरवर नाव सांग, बाबांनी खोली तुझ्याच नावाने घेतली आहे. हॉटेलचा पत्ता मागच्या पानावर लिहिला आहे. तू हो म्हणालीस तर माझ्या खोलीत आम्ही दोघं असू. नको म्हणालीस तर आम्ही घरीच थांबू आणि माझी खोली खुशाल रिकामी राहू दे, पण तुझी तू सोडू नकोस. आम्ही आलो तरी तुझं दार कुणी वाजवणार नाही. जावयांचा विषय निघणार नाही, पुढे काय हा प्रश्नही नाही. पडदे ओढ आणि पोटभर झोप. उठल्यावर भेटावंसं वाटलं नाही तर तशीच परत जा. वाटलं तर खाली नाश्त्याच्या खोलीत ये, आम्ही तिथे बसलेले असू, दुपार झाली तरी.

तुझीच,
न विचारता गप्प बसायला शिकत असलेली
आई