चाकांवरच्या खोलीतला पंखा

प्रिय मालकीणबाई,

पाकीट बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, दुकान जागेवर आहे आणि घराची चावी अजून हरवलेली नाही. फोन असताना हा माणूस कागद कशाला काळे करतोय, असं म्हणत तू हे पाकीट आधी उजेडात धरून बघितलं असशील. कारण शेवटी सांगतो. पण गोष्टीच्या पुस्तकाचं करतेस तसं आधी शेवटचं पान वाचू नकोस. एवढं एक ऐक. बाकी आयुष्यभर तुझंच ऐकलंय.

तर बातमी अशी की ट्रेलर तयार झाला. शेजारच्या टायरवाल्याकडे धूळ खात पडलेला तो कॅम्पर, चाकांवरची खोली, आठवतो का? आपल्या सायलेन्सरकडचा. हा माणूस श्वास घ्यायलासुद्धा बोलणं थांबवत नाही म्हणून तूच त्याचं हे नाव ठेवलंस, आणि आता गिऱ्हाइकंही त्याला याच नावाने हाक मारतात. कुणीतरी चाकं बदलायला आणून टाकलेला तो ट्रेलर पुन्हा न्यायला कुणी आलंच नाही. सायलेन्सर त्यात जुने टायर रचणार होता. मी म्हटलं, मला दे. म्हणाला, तुला कशाला, या वयात जग बघायला निघालास की काय? मी म्हटलं, हो, तसंच समज. तुलाही फोनवर मी तेच सांगितलं होतं. तू हसलीस. पण हसण्याआधी जराशी थांबलीस, ते मी ऐकलं.

बाहेरून बघशील तर गाडीमागे ओढायची एक पत्र्याची पेटी आहे झालं. आत मात्र एक रुंद पलंग आहे, खाली सामान ठेवायची जागा, एक छोटा ओटा आणि एक खिडकी. ओट्याची उंची तुझ्या हिशोबाने घेतली आहे. सुताराने विचारलं, एकट्यालाच फिरायचंय तर एवढा ठेंगणा ओटा कशाला, कंबर मोडेल. मी म्हटलं, वाकायची सवय आहे मला, लग्न झालंय माझं.

आता पंख्यांची गंमत ऐक. उन्हात उभा केला की हा ट्रेलर म्हणजे भट्टी. जन्म गेला माझा पंख्यांत. सायकलवर फिरून दारोदार पंखे दुरुस्त करणारा मी, मला वाटलं हे काय चुटकीसरशी होईल. छतात एक आणि खिडकीखाली एक असे दोन पंखे बसवले, दोन्ही आत वारा फेकणारे. पंखा म्हणजे वारा आपल्याकडे यायला हवा, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं. दार ओढून आत बसलो. पडदे फुगले, डोक्यावरचे होते नव्हते ते केस उभे राहिले, आणि मी घामाने निथळलो. बाहेर सायलेन्सर पोट धरून हसत होता. म्हणाला, अरे पंखेवाल्या, गरम हवेला बाहेर जायला वाट कुठे ठेवलीस? फुगा भरतोयस का? मालकीणबाई, ज्याला टायरमधली हवा आतच ठेवायचे पैसे मिळतात, त्याने मला हवा बाहेर कशी काढायची ते शिकवलं. मग मान खाली घालून छतातला पंखा उलटा केला. आता तो वरची तापलेली हवा बाहेर ओढतो आणि खिडकीखालचा सावलीच्या बाजूची गार हवा आत घेतो. चार मिनिटं बसलो आणि मानेवरचा घाम सुकला. सायलेन्सरला म्हटलं, बघ, कसं डोकं चालवलं मी.

पण कुठला पंखा घ्यायचा यावर मी जे घोळ घातले, त्यावर आमचं खरं भांडण झालं. पहिल्यांदा ट्रकवाले पुढच्या काचेपाशी लावतात तसले पंखे आणले. वारा झकास, पण वीज पितात आणि किंचाळतात. मग कॉम्प्युटरच्या डब्यात असतात ते चौकोनी पंखे लावून बघितले. मोबाईल चार्ज करायला लागते त्याहूनही कमी वीज, अगदी गरीब स्वभावाचे, पण वारा पुरत नाही. शेवटी खिडकीखाली त्यातले दोन शेजारी शेजारी लावले, आणि छताला ब्रश नसलेल्या मोटरचा, झाकण उघडझाप होणारा मोठा पंखा. हळू फिरवला तर बॅटरीला कळतही नाही. छोटीशी सौर पाटी दिवसभर उन्हात ठेवली की रात्रभराची सोय. सायलेन्सर वैतागला. म्हणाला, एवढा चिकटपणा कशाला? जाशील तिथे एक वायर ओढून घे, मस्त एसी लाव आणि पड. मी म्हटलं, वायर ओढायची नाही. कुणाच्याही भिंतीतून नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि बाई, तो गप्प बसला. सायलेन्सर! मी इतका दचकलो की माझ्या हातातला पाना खाली पडला.

दुकानाचं विचारशील तर वाइंडिंगवाल्या बाईंनी सगळं नीट हातात घेतलं आहे. मोटरमध्ये तार गुंडाळता गुंडाळता त्यांनी गिऱ्हाइकांनाही गुंडाळायला कधी सुरुवात केली मला कळलं नाही. परवा मी एका गिऱ्हाइकाशी बोलत होतो तर मला म्हणाल्या, काका, तुम्ही मधे बोलू नका, भाव बिघडतो. मी बाहेर जाऊन बाकावर बसलो. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाटलं, चला, इथून आपण सुटलो.

तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस तेव्हा छोटे सरकार पोटातून नुकते बाहेर आले होते आणि तू दोन महिन्यांत परत येणार होतीस. आता ते सरकार पळतात. लेक कामावर जाते, जावईबापूंच्या प्रयोगशाळेतल्या पाळ्या बदलत राहतात, आणि मधलं सगळं तू. मला हे कळतं. मी एकदाही तुला ये म्हणालो नाही, कारण म्हणालो असतो तर तू आली असतीस. इथे येऊन माझ्यासमोर बसून तिकडचा विचार करत राहिली असतीस. ठकीचा फोन येतो तेव्हा ती आधी म्हणते, बाबा, आई नसती ना, तर मी वेडी झाले असते. लेकीने असं म्हटल्यावर बाप काय बोलणार? बाप म्हणतो, अगं राहू दे तिला, मला इथे काही कमी नाही. तसं कमी काही नाहीच. कपाटात तुझ्या साड्या आहेत, डबे तू लावलेस त्याच क्रमाने आहेत, गच्चीवरची दोरी आहे. फक्त संध्याकाळी कुलूप उघडताना मी अजून चप्पल जोरात आपटतो. आत कुणी असेल तर कळावं म्हणून.

मी तुमच्याकडे येऊन राहिलो होतो ते तुला आठवतच असेल. झोपायच्या दोनच खोल्या, एकीत लेक-जावई, दुसरीत तू आणि पाळणा, मी बैठकीतल्या सोफ्यावर. जावईबापू सकाळी माझी झोप मोडू नये म्हणून बूट हातात घेऊन चवड्यांवर बाहेर जायचे. इतका चांगला मुलगा! त्याचं ते चवड्यांवर चालणं मला रोज ऐकू यायचं आणि रोज मी डोळे मिटून पडून राहायचो. तिसऱ्या दिवशीपर्यंत मी त्यांच्या घरातलं सगळं दुरुस्त करून टाकलं, चालू होतं तेसुद्धा. चौथ्या दिवशी हाताला काम उरलं नाही. पाचव्या दिवशी दुकानात फार काम साठलंय असं सांगून निघालो. तू दारापर्यंत आलीस आणि पिशवीची नाडी उगाच पुन्हा बांधलीस. परतीच्या रस्त्यावर गाडीचा गिअर बदलताना मला ती नाडीच दिसत होती.

आता तुझी एक चोरी पकडतो. फोनवर तू सांगतेस की तुला स्वतंत्र खोली आहे, खिडकी आहे, छान झोप लागते. सकाळी लवकर फोन केला की तुझा आवाज अजून अंथरुणातला असतो, आणि त्याच्या मागे एक घरघर सुरू होते, थोडा वेळ चालते, मग खटकन बंद पडते. मालकीणबाई, त्या फ्रिजचा कॉम्प्रेसर मी माझ्या हातांनी तपासलाय. त्याचा तो खटका मी लाखात ओळखेन. तू स्वयंपाकघरात झोपतेस. खोली छोट्या सरकारांच्या पलंगाला आणि खेळण्यांना दिली असणार, आणि ती तूच दिली असणार, कुणी मागायच्या आत. ठकीला बोलू नकोस, तिला मी काही विचारलेलं नाही. पण तुझ्या डोक्याशी रोज तो फ्रिज घरघरतो आणि मी इथे अख्ख्या पलंगावर आडवा पडतो, हे मला सोसत नाही.

ट्रेलर तयार झाल्यावर एका दुपारी मी आत जाऊन आडवा झालो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत झाडाखाली बसावं तसा गारवा. पंखे इतके गुणी की आवाजच नाही. माझ्यासारख्या कारागिराने खूश व्हायचं की नाही? डोळा लागेना. कूस बदलली, उशी उलटी केली. मग ध्यानात आलं की इतकं शांत आहे की शेजारी कुणी नाही हेसुद्धा ऐकू येतंय.

आपल्या घरातला पंखा लग्नापासून टकटकतो. दांड्यावरची ती वाटी सैल आहे, फिरता फिरता दांड्याला लागते. टक, मग थोडं थांबून टकटक. किती वेळा मी स्टूल घेऊन उभा राहिलो, आणि प्रत्येक वेळी तू स्टूल ओढून नेलंस. म्हणायचीस, अहो, अख्ख्या गावाचे पंखे गप्प केलेत, आपला एक तरी बोलू द्या, त्याच्याशिवाय मला झोप येत नाही. लोक हसायचे, पंखेवाल्याच्या घरी पंखा वाजतो. वाजू दे म्हणायचो. तर त्या दुपारी मी ट्रेलरमधून उठलो, घरी गेलो, स्टूल घेतलं, आणि या वेळी ते ओढायला कुणी नव्हतं. वाटी काढली. पुसली नाही, तिच्यावरची धूळसुद्धा आपल्याच घरातली. ट्रेलरच्या छतातल्या पंख्याच्या आसाला ती बसवली, थोडी सैल ठेवून. बरोबर साधायला दिवस गेला. घट्ट बसली की मुकी, सैल झाली की थयथयाट. सायलेन्सर म्हणाला, आयुष्यभर पंख्यांतला आवाज काढून टाकलास, आणि आता घालतोयस? बुद्धी भ्रष्ट झाली. होय, वाटीमुळे वीज किंचित जास्त लागते. तेवढी लागू दे. संध्याकाळी एकदाचं जमलं. टक, थोडं थांबून टकटक. मी पलंगाच्या माझ्या बाजूला सरकून पडलो आणि दुसऱ्या बाजूवर हात ठेवून झोपलो, ते थेट सायलेन्सरने पत्र्यावर थाप मारेपर्यंत.

तर आता कारण सांगतो. मला जग बघायचं नाहीच. तुमच्या घराच्या बाजूला गाडी लावायची जी मोकळी जागा आहे, स्वयंपाकघराच्या दारासमोरची, ती मी गेल्या वेळी जाता जाता पावलांनी मोजली होती. ट्रेलर तिथे बसतो. तू दिवसभर छोट्या सरकारांची आजी हो, ठकीची आई हो, आणि झोपायला चार पावलं चालून आपल्या घरी ये. जावईबापूंना पुन्हा कधी बूट हातात घ्यावे लागणार नाहीत. मी तुला तिथून न्यायला येत नाही, आणि त्यांच्या सोफ्यावरही येत नाही. स्वतःचं छप्पर, स्वतःचा वारा घेऊन येतोय. त्यांच्या भिंतीतून एक वायरसुद्धा ओढणार नाही, म्हणून तर हे इतके कमी विजेचे पंखे शोधत बसलो. त्या दोघांना मी रीतसर विचारेनच, पण आधी तुला. फोनवर विचारता आलं नसतं. तुझा फोन नेहमी ओट्यावर मोठ्या आवाजात ठेवलेला असतो, आजूबाजूला सगळे असतात, आणि सगळ्यांसमोर तू पटकन नको म्हणाली असतीस, स्वतःसाठी काही घेताना म्हणतेस तसं. शिवाय एवढ्या महिन्यांत तुला माझ्यावाचून सुटसुटीत वाटायला लागलं असेल, तर तेही फोनवर सांगणं तुला जड गेलं असतं. म्हणून सोपं करतो. ट्रेलर सावलीत आणि सौर पाटी उन्हात ठेवावी लागते. रविवारी मी फोन करेन तेव्हा मला फक्त एवढंच सांग, दुपारी त्या जागेत सावली कुठल्या बाजूला पडते. आणि सावलीचं काही बोललीच नाहीस, तर मीही विचारणार नाही, पंख्यांच्या गमती सांगून फोन ठेवेन. घरातला पंखा आता गप्प फिरतो. त्याच्याखाली मला झोप येत नाही.

तुझाच,
मिस्त्री